एका फार्दिंगचा उजेड

पाणथळ कुरणात, ओढ्याच्या कडेने, कुंपणाखालच्या ओलाव्यात उगवणारी ही काडी. आपल्या लव्हाळ्याची आठवण यावी अशीच: गोल, गुळगुळीत, हिरवीगार. सोलली की आत भेंडासारखा पांढरा, हलका गाभा. अठराव्या शतकात इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या खेड्यांत कष्टकऱ्यांच्या घरी रात्रीचा उजेड या काडीचा असायचा. जी गोष्ट घरोघरी असते ती सहसा कुणी लिहून ठेवत नाही. ही लिहून ठेवली सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने, १ नोव्हेंबर १७७५ च्या पत्रात, आणि ती इतकी नीट, की आज ते पत्र समोर घेऊन कुणी काड्यांचे दिवे करायला बसलं तरी कुठे अडणार नाही.

काड्या कापायच्या भर उन्हाळ्यात. शरद लागेपर्यंत कापल्या तरी चालतात. जाड आणि लांब त्या उत्तम. कापल्याबरोबर पाण्यात टाकायच्या आणि सोलायला घेईपर्यंत पाण्यातच ठेवायच्या. बाहेर राहिल्या तर वाळून आक्रसतात आणि मग साल सुटत नाही. सोलताना सगळी साल काढायची नाही. बुडापासून शेंड्यापर्यंत एकच अरुंद, सारख्या रुंदीची पट्टी राखायची. तीच गाभ्याचा कणा, तिच्यावाचून तो मऊ गाभा उभा राहणार नाही. रात्रभर तेवत ठेवायच्या दिव्यांना दोन पट्ट्या राखत. त्यामुळे ज्योत अडत अडत खाली येते आणि दिवा पुष्कळ वेळ टिकतो, पण उजेड अगदी मलूल. नवशिक्याला हे सोलणं जमत नाही, सवयीने मात्र पोरंसोरंही सराईत होतात. पूर्ण अंध असलेली एक म्हातारी हे काम झपाझप आणि क्वचितच चुकत करताना पाहिल्याचं व्हाइटने लिहिलं आहे.

सोललेल्या काड्या काही रात्री गवतावर दवात पसरायच्या, म्हणजे त्या पांढऱ्या पडतात. मग उन्हात खडखडीत वाळवायच्या आणि कढत चरबीत बुडवून काढायच्या. यालाही हात बसावा लागतो. चरबी कुठून आणायची? काटकसरी घरधनीण ती विकत आणत नाही. खारवलेलं डुकराचं मांस शिजताना हंड्यावर जो तवंग येतो, तो ती काढून साठवते. त्यात मीठ फार असेल तर भांडं गरम भट्टीत ठेवते. चरबी पातळ होते, मीठ तळाशी बसतं, वरची निवळ चरबी काढून घेता येते. थोडं मेण घातलं तर चरबी घट्ट होते, हात कमी बरबटतात आणि काडी जास्त वेळ जळते. मेंढीच्या चरबीनेही तेच होतं.

आता हिशेब. वाळलेल्या काड्या एक पौंड घेतल्या तर त्यात १,६०० हून जास्त काड्या भरतात. त्याने मोजल्या. किंमत एक शिलिंग. त्या बुडवायला चरबी लागते सहा पौंड, चार पेन्सला पौंड या भावाने दोन शिलिंगांची. एकूण तीन शिलिंग. दोन फूट साडेचार इंच लांबीची एक चांगली काडी त्याने घड्याळ लावून जाळली. ती तासाला तीन मिनिटं कमी, म्हणजे ५७ मिनिटं जळली. पण सगळ्याच काड्या इतक्या चांगल्या नसतात, म्हणून हिशेबाला त्याने सरासरी अर्धाच तास धरला. १,६०० काड्यांचे झाले ८०० तास, अखंड जाळल्या तर ३३ दिवसांहून जास्त. बारा पेन्सचा शिलिंग आणि चार फार्दिंगांचा पेनी. त्या फार्दिंगला, इंग्लंडच्या सगळ्यात लहान नाण्याला, साडेपाच तास उजेड.

सरासरी धरताना निम्म्यावर उतरण्याची ही सवय मला त्याच्या सगळ्या लिखाणात सर्वांत मोलाची वाटते. हातात ५७ मिनिटांचा आकडा होता. तो वापरला असता तर हिशेब आणखी झळाळला असता.

याच पत्रात त्याचं एक वाक्य मात्र सलतं. अगदी गरीब लोकांना पैसा राखता येत नाही आणि म्हणूनच ते गरीब राहतात, असं तो म्हणतो. ही माणसं रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची मेणबत्ती आणतात, फटीफटीतून वारा येणाऱ्या खोलीत ती जेमतेम दोन तास जळते, आणि तेवढ्याच पैशात काड्यांचा उजेड अकरा तास मिळाला असता. गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. शेतमजुराची आठवड्याची मजुरी तेव्हा सात-आठ शिलिंगांच्या घरात होती. त्यातून तीन शिलिंग एकदम काढायचे कुठून? फुकटची चरबी मिळते ती ज्याच्या हंड्यात डुकराचं मांस शिजतं त्याला. भर उन्हाळ्यात काड्या कापून सोलत बसायचं तर तेव्हाच गवतकापणी आणि सुगीची मजुरी असते. अर्धी पेनी रोज देता येते, तीन शिलिंग एकदम देता येत नाहीत, ही गोष्ट गरिबाला नेमकी कळलेली असते. व्हाइटला काडीची लांबी अर्ध्या इंचापर्यंत दिसली, ही अडचण दिसली नाही. तरीही, धर्मोपदेशकाने आपल्या चर्चच्या हद्दीतल्या घरांत रात्री उजेड किती वेळ असतो याची मोजदाद करावी, हे मला त्याच्या कुठल्याही प्रवचनाहून मोठं वाटतं.

आता त्याची नोकरी. तिच्या खाचाखोचा कळल्याशिवाय हा माणूस एकाच गावात का राहिला ते कळत नाही.

जन्म १८ जुलै १७२० चा, सेलबर्नच्या पाद्र्याच्या घरातला. कारण आजोबा, त्यांचंही नाव गिल्बर्ट व्हाइटच, तिथले व्हिकर, म्हणजे गावचे नेमलेले पाद्री, होते. पुढे ऑक्सफर्डचं ऑरिएल कॉलेज, १७४३ मध्ये पदवी, १७४४ मध्ये त्याच कॉलेजची फेलोशिप, म्हणजे उत्पन्न देणारं सदस्यत्व. १७४९ मध्ये पूर्ण दीक्षा. इथवर रस्ता सरळ. नातवाने आजोबांच्या जागी बसावं, यात अवघड काय? पण चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गावचा पाद्री गाव निवडत नसे. प्रत्येक जागेवर नेमणूक करण्याचा हक्क कुणाच्या तरी मालकीचा असे: जमीनदाराच्या, बिशपच्या, नाहीतर कॉलेजच्या. सेलबर्नला पूर्वी एक मठ होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो मोडला आणि त्याच्या जमिनी आणि हक्क ऑक्सफर्डच्याच मॉडलिन कॉलेजकडे गेले. मॉडलिन आपल्या फेलोंना नेमणार. व्हाइट ऑरिएलचा. कोवळ्या वयात कॉलेज निवडलं तेव्हाच जन्मगावचं व्हिकरपद त्याच्या हातून कायमचं गेलं होतं.

पदांची उतरंडही समजून घ्यायला हवी. रेक्टरला गावच्या उत्पन्नाचा सगळा दशमांश मिळे. मोठा दशमांश, म्हणजे धान्य आणि गवताचा, कॉलेजकडे असेल तर व्हिकरच्या वाट्याला उरलेला लहान हिस्सा येई. क्युरेट या दोघांच्याही खाली. त्याला दशमांश नाही, ठरलेला पगार, आणि काम मात्र सगळं: रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, नोंदवही. व्हाइट आयुष्यभर क्युरेट राहिला. शेजारच्या फॅरिंगडनला १७६१ पासून १७८४ पर्यंत, आणि मग सेलबर्नलाच, मरेपर्यंत. जिथे आजोबा व्हिकर होते त्याच चर्चमध्ये तो पगारी मदतनीस होता.

पैसा यायचा तो मुख्यतः फेलोशिपमधून. तिची अट अशी की लग्न केलं की ती गेली. भरघोस उत्पन्नाची जागा घेतली तरी गेली. व्हाइटने लग्न केलं नाही आणि दूरच्या जागा चालून आल्या त्या नाकारल्या. १७५७ मध्ये ऑरिएलच्या प्रमुखपदासाठी उभा राहिला आणि हरला. त्याच सुमारास नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या मॉर्टन पिंकनीची छोटी जागा त्याला मिळाली. ती फेलोशिपसोबत ठेवता येत होती. ती त्याने ठेवली, तिथे पगारी बदली माणूस नेमला आणि स्वतः सेलबर्नला राहिला. तेव्हा ही सर्रास रीत होती, पण मॉर्टन पिंकनीच्या लोकांच्या बाजूने पाहिलं तर ती चांगली नव्हती. सेलबर्नवरच्या त्याच्या मायेचा थोडा भार त्या दुसऱ्या गावाने उचलला, हे सांगितल्याशिवाय त्याचं चरित्र पुरं होत नाही.

सेलबर्न म्हणजे एक लांबलचक रस्ता आणि त्याच्या नैर्ऋत्येला गावाहून ३०० फूट उंच खडूचा डोंगर. डोंगराच्या उतारावर बीच या झाडांची दाट राई, तिला गावात ‘हँगर’ म्हणतात. १७५३ मध्ये व्हाइटने भावाबरोबर त्या उतारावर नागमोडी पायवाट खोदली. ती आजही चालती आहे. गावाकडे येणाऱ्या गाडीवाटा शतकानुशतकांच्या चाकांनी आणि पाण्याने इतक्या खचल्या होत्या की काही ठिकाणी त्या शेताच्या पातळीपेक्षा १६ ते १८ फूट खाली होत्या. १७८३ मध्ये वस्ती ६७६ माणसांची. चर्चच्या वह्यांतून त्याने १७२० ते १७७९ या साठ वर्षांचे बाप्तिस्मे आणि दफनं मोजली: ९८० आणि ६४०. नोंदवही प्रत्येक क्युरेटच्या हाताखालून जाते. तिची बेरीज करावी असं थोड्यांनाच सुचतं.

१७६८ पासून त्याच्याकडे छापील रोजनिशी होती. डेन्स बॅरिंग्टन या कायदेपंडिताने आखलेली आणि व्हाइटचाच भाऊ बेंजामिन याने लंडनमध्ये छापलेली. एका पानावर एक आठवडा, आणि रकाने: हवेचा दाब, तापमान, वारा, पाऊस, कुठलं झाड पालवलं, कुठलं फूल उमललं, कुठला पक्षी आला, कुठला गेला. पंचवीस वर्षं त्याने ते रकाने भरले. त्यातून आणि बॅरिंग्टन व निसर्ग-अभ्यासक थॉमस पेनंट यांना लिहिलेल्या पत्रांतून ‘सेलबर्नचा निसर्गेतिहास’ हे पुस्तक झालं. त्यावर साल छापलं आहे १७८९. प्रकाशक तोच भाऊ. पुस्तकातली काही पत्रं कधी टपालात पडलीच नाहीत, पुस्तकासाठीच लिहिली गेली. पण निरीक्षणं रोजनिशीच्या रकान्यांतलीच.

काय सापडलं? आकाराने, रंगाने एकसारखे दिसणारे पर्णवटवटे तीन वेगळ्या जातींचे आहेत, हे त्याने आधी कानाने ओळखलं. तिघांची बोली कायम वेगळी. मग तिन्ही पक्षी समोर ठेवून पाहिले: आकार तीन पायऱ्यांचे, सगळ्यात लहान त्याचे पाय काळे, उरलेल्या दोघांचे फिकट मांसल रंगाचे. सगळ्यात मोठा आणि पिवळा तो उंच बीचच्या शेंड्यांवरच राहतो आणि नाकतोड्यासारखा सीत्कार करतो. सुगीच्या शेतात घरटं विणणाऱ्या इवल्या उंदराचं वजन करायला त्याने तराजूत दोन उंदीर टाकले आणि दुसऱ्या पारड्यात तांब्याची अर्धी पेनी. पारडं जेमतेम उंदरांकडे झुकलं. गव्हाणी घुबडांच्या जोडीपाशी घड्याळ घेऊन तासभर बसला, तर दोघांपैकी एक दर पाच मिनिटांनी शिकार घेऊन घरट्याकडे परतत होतं. मधमाश्यांना ऐकू येतं का हे पाहायला पोळ्यापाशी मोठा कर्णा लावून ओरडला. त्या आपल्या कामात. गांडुळं जमीन भुसभुशीत करतात, पानं-काड्या आत ओढतात, माती खतावतात, हे त्याने १७७७ मध्ये लिहिलं, आणि ती नाहीशी झाली तर सृष्टीच्या साखळीत मोठं खिंडार पडेल, असंही. डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८८१ मध्ये आलं.

१७८३ च्या उन्हाळ्यात, २३ जूनपासून २० जुलैपर्यंत, आकाशात एक विचित्र धुरकट थर होता. भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज, जमिनीवर गंजासारखा तांबूस उजेड. वारा सगळ्या दिशांनी फिरून गेला तरी थर हलेना, ही नोंद विशेष. जवळपासचा धूर असता तर एखाद्या वाऱ्याने तो नेला असता. आइसलँडमधला लाकी ज्वालामुखी ८ जूनला फुटला होता, हे व्हाइटच्या पत्रात नाही.

पण त्याची पद्धत जवळून पाहायची तर १७८४ चा डिसेंबर पाहावा. कडाक्याची थंडी. घरी दोन तापमापक टांगलेले, एक मार्टिनने बनवलेला, एक डॉलंडने. मार्टिनच्या नळीवर खुणा खाली येत शून्याच्या वर चार अंशांपर्यंतच होत्या, फॅरनहाइटच्या. पारा त्याखाली गेला तो खालच्या पितळी आवरणातच गडप झाला. ज्या रात्री आकडा हवा होता नेमक्या त्याच रात्री हे यंत्र निकामी. डॉलंडचा मात्र दाखवत राहिला: १० तारखेला रात्री ११ वाजता शून्याखाली एक अंश, आपल्या मोजणीत उणे १८ सेल्सियस. हवा अगदी स्तब्ध.

व्हाइटला वाटलं, आपल्याकडे हे, तर वरच्या न्यूटन गावात काय असेल? न्यूटन त्याच्या घराहून २०० फूट किंवा त्याहूनही उंच. तिथल्या परिचिताला त्याने १० तारखेच्या सकाळीच चिठ्ठी पाठवली होती: तुमचा तापमापक बाहेर टांगा आणि सकाळ-संध्याकाळ पाहा. उत्तर आलं ते उलटं. त्याच रात्री ११ ला वर पारा १७ अंशांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी वर २२, खाली १०. उंचावर थंडी कमी! पहिला संशय यंत्रावर. म्हणून त्याने आपला एक तापमापक वर पाठवला आणि दोन्ही शेजारी शेजारी टांगायला लावले. दोघांचा पारा तंतोतंत बरोबर चालला. यंत्र खोटं नव्हतं, थंडीच खाली साचली होती. त्या एका रात्री तब्बल १८ अंशांचा फरक, आणि सबंध गारठ्यात १० ते १२ अंशांचा. झाडांनीही तीच साक्ष दिली. खाली व्हाइटच्या बागेतलं लॉरेलचं कुंपण करपून गेलं, वर न्यूटनला त्याच झाडांचं पानही गळलं नाही.

आज याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता सोडते, तिच्यालगतची थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी बसते. नाशिकच्या थंडीत द्राक्षबागेवाल्यांनाही खोलगट जागेतल्या बागेची काळजी जास्त असते ती यामुळेच. व्हाइटकडे हा शब्द नव्हता. त्याच्याकडे अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा होता, आणि तो आकडा मानण्याआधी तापमापक डोंगरावर पाठवण्याचा उरक होता.

मग हाच माणूस भिंगऱ्यांच्या बाबतीत का चुकला?

हिवाळ्यात भिंगऱ्या जातात कुठे, हा तेव्हाचा मोठा वाद. परदेशी जातात, की इथेच कुठे बिळांत, तळ्यांच्या गाळात निपचित पडून राहतात? व्हाइटचा एक भाऊ जॉन जिब्राल्टरला पाद्री होता. ऋतूप्रमाणे भिंगऱ्यांचे थवेच्या थवे सामुद्रधुनी ओलांडताना त्याने पाहिले होते, आणि ते त्याने कळवलंही होतं. व्हाइटने ते मान्य केलं. पण सगळ्याच जातात का, ही शंका त्याला सुटेना. आणि शंकेला आधार त्याच्याच नोंदींचा होता: उशिरा उडायला शिकलेली कोवळी पिल्लं इतका प्रवास करतील कशी? आणि सगळ्या गेल्यावरही मध्येच एखाद्या उबदार दिवशी चुकार भिंगरी दिसते ती कुठून?

१७८० च्या ऑक्टोबरमध्ये हाउस मार्टिन या जातीच्या शेवटच्या थव्यात दीडशेच्या आसपास पक्षी होते. ते रात्री कुठे जातात हे शोधायचं त्याने ठरवलं. संध्याकाळ झाली की तो त्यांच्या मागावर. कित्येक दिवस रोज, बरोबर सव्वापाचला, सगळे आग्नेयेकडे घाईने जात आणि डोंगराच्या टोकाशी, झोपड्यांच्या वरच्या खुरट्या झुडपांत शिरत. जागा घराच्या छपरासारखी उतरती, म्हणून पाणी साचायची भीती नाही. मेंढ्यांनी खाऊन खाऊन बीचची झुडपं इतकी गुंतलेली, की लहानसं कुत्रंही आत शिरणार नाही. १३-१४ ऑक्टोबरपर्यंत हा क्रम चालला, मग तुटला. २२ तारखेला सकाळी गावावर दोन पक्षी दिसले, तेवढेच. व्हाइटने लिहिलं की ती झुडपं खणून पाहिली तर या परिसरातल्या कदाचित सगळ्याच मार्टिन तिथे झोपलेल्या सापडतील, आणि त्या गावापासून ३०० यार्डही लांब जात नाहीत असं दिसून येईल.

वेळ अचूक, दिशा अचूक, जागा अचूक. रात्रीच्या मुक्कामाची जागा त्याने शोधली आणि तीच हिवाळ्याची समजली. तापमापकासारखी ही गोष्ट शेजारी टांगून ताडून पाहता येत नव्हती. आफ्रिकेत दुसरा तापमापक पाठवायची सोय नव्हती.

जे ताडून पाहता येत होतं ते मात्र त्याने पाहिलं. १७८१ च्या एप्रिलमध्ये गावातली तरुण मुलं बरोबर घेऊन हँगरच्या त्या टोकाची झुडपं आणि बिळं तपासली. काही सापडलं नाही. शोध चालू असतानाच त्या वर्षीची पहिली मार्टिन गावाच्या रस्त्यावरून उडत आली, पुष्कळांच्या डोळ्यांदेखत एका जुन्या घरट्यात शिरली, थोडा वेळ आत राहिली आणि घरांवरून निघून गेली. व्हाइटने दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या, झुडपांत काही मिळालं नाही ती आणि ही. पुढे १६ एप्रिलपर्यंत गावात मार्टिन दिसली नाही. त्या दिवशी दिसली ती एक जोडी.